कवी की संपादक?

डहाणू लोकलमध्ये सध्या सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' वाचतोय. मावसभावाचं म्हणणं, "या माणसातल्या संपादकाने कवीला खाल्लं." तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

हिशोब त्याच्या बाजूने आहे खरा. 'इंद्रियोपनिषद' १९७१ चं, 'साक्षात' १९८२ चं, 'विलंबित' १९९७ चं. सव्वीस वर्षांत तीन संग्रह! बाकी वेळ गेला लिट्ल मॅगझिनांत, बँकेच्या नोकरीत आणि मग लोकवाङ्मय गृहात, 'आपले वाङ्मय वृत्त' काढण्यात. म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांत. २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही कवितेला नाही, या वाचनाच्या पुस्तकालाच!

(आमच्या तलासरीच्या वारल्यांची गोष्ट सांगणाऱ्या गोदावरी परुळेकरांनाही १९७२ ला अकादमी मिळाली. तेही कवितेचं पुस्तक नव्हेच. असो.)

पण मला नाही पटत. कोण काय लिहितंय, कुठलं पुस्तक शोधून वाचावं, हे मुंबईपासून लांब राहणाऱ्याला सांगणार कोण? काळसेकर सांगायचे, तेही मास्तरकी न करता. अशी माया फक्त कवीकडेच असते, असं मला वाटतं. जुलै २०२१ मध्ये ते वारले. त्यांच्यामुळे कळलेल्या पुस्तकांची माझी यादी अजून अर्धीही झालेली नाही. भाऊ म्हणतो, "त्यापेक्षा 'विलंबित' पुन्हा वाच." तेही आणलंय, पिशवीत आहे.