चौदा डिसेंबरची गाणी

भिंतीवरच्या कॅलेंडरात १४ डिसेंबर या तारखेला लाल अक्षर नसते. ना सण, ना सुट्टी. कोकणात भात झोडून झालेले असते, रिकाम्या खाचरात ओलीवर वाल उभा असतो. घाटावर गव्हाला पाणी देण्याची धांदल चालू असते. परंतु गाण्याची आवड असणाऱ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी अशी आहे. या तारखेला १९२४ साली पेशावरला राज कपूर जन्मले. याच तारखेला १९६६ साली मुंबईत गीतकार शैलेंद्र वारले. आणि याच तारखेला १९७७ साली पुण्यात आपले गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, आपल्याला सोडून गेले.

हा निव्वळ योगायोग आहे, त्यात ग्रहतारे शोधण्याचे कारण नाही. मी शेतीखात्याचा माणूस, गाण्यातला जाणकार नव्हे. पण विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना गोठ्यात, मळ्यात, भाताच्या गिरणीत जी गाणी कानावर पडली, त्यांतली कितीतरी या दोन लेखण्यांतून उतरलेली होती.

राज कपूर यांच्याविषयी सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ते राहू द्या. गदिमांचे मात्र सांगितले पाहिजे. जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. मूळ गाव माडगूळ, आटपाडी तालुक्यातले. माणदेश म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. तिथल्या माणसाच्या बोलण्यात शब्द मोजके आणि नेमके असतात. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यांचे गीतरामायण सुरू झाले. चाली सुधीर फडके यांच्या. वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, अशी एकूण ५६ गीते झाली. त्या काळी गावात रेडिओ एखादाच असे. त्याच्यापुढे सारी आळी जमे, आणि जुनी माणसे सांगतात की लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही ती गीते मुखोद्गत झाली. सोपे लिहिणे किती अवघड असते, ते आमच्या खात्याची पत्रके लिहिताना मला पुरेपूर कळले आहे!

गदिमांची आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या जवळची आहे. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा त्यांची. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेतो आणि त्यांच्याकडून पडीक जमीन पिकवून घेतो. भाजी चांगली येते, रास्त भावाने विकली जाते, आणि मग बाजारातल्या दलालांच्या डोळ्यांत सलते. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली होती, तिथे कैदी शेती करीत. जमीन कसली की माणूसही सुधारतो, यावर कोणी वाद घालील. पण दलालांचा भाग आजच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता शैलेंद्र. मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हा माणूस कामाला होता. राज कपूर यांनी त्यांची कविता ऐकून चित्रपटासाठी मागितली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला, असे सांगतात. पुढे घरात पैशाची अडचण आली तेव्हा ते आपणहून गेले आणि १९४९ च्या 'बरसात'पासून जोडी जमली ती कायमची. १९६६ साली त्यांनी स्वतःचा चित्रपट काढला, 'तीसरी कसम'. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवरचा. नायक हिरामण हा बैलगाडीवान, आणि ते काम केले राज कपूर यांनी. गाडीवान बैलांशी कसा बोलतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. शेवट गोड करा म्हणजे चालेल, असे पुष्कळांनी सांगितले. शैलेंद्र ऐकेनात. चित्रपट तेव्हा चालला नाही, कर्ज झाले, तब्येत खालावली, आणि वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. तो दिवस राज कपूर यांच्या वाढदिवसाचा होता. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक चित्रपटाला मिळाले ते त्यानंतर.

मला स्वतःला शैलेंद्र आवडतात ते 'दो बिघा जमीन'मुळे. बिमल रॉय यांचा १९५३ चा चित्रपट. शंभू नावाचा शेतकरी दोन बिघे जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. तरी जमीन जातेच. तिथे कारखाना उभा राहू लागतो, आणि मूठभर माती घ्यायला गेला तर राखणदार तीही टाकायला लावतो.

मी राहतो कामोठ्याला. नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली, त्यांतले हे एक. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग त्यानंतर निघाला. गेल्या थंडीत मूळ गावातल्या काही मंडळींनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, भोवती पेंढ्याचा जाळ. कोणीतरी मोबाइलवर याच चित्रपटाचे गाणे लावले. मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना शंभूची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "सायेब, त्याचा बरा हाय. कुंपनाभायेर उभा राहून त्याला शेत दिसतंय तरी. माझा शेत कंच्या बिल्डिंगखाली हाय, ता मना सांगता येत नाय."

त्यांच्या घरी वालाचे जुने बियाणे अजून राखून ठेवलेले आहे. दर साल भात निघाले की ते थोडेसे पिशवीत बांधतात आणि पेणकडे लेकीच्या गावी जाऊन पेरून येतात.