जागेची फेरपालट

शास्त्रभाग : लेवीय 25:1-7, योहान 9:1-3



इस्राएल लोक अजून सीनाय पर्वतापाशीच आहेत. त्यांच्याकडे शेत नाही, बांध नाही, नांगर नाही. तरीही देव मोशेला शेताचा नियम सांगतो : सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. आपल्या बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. भात निघाला की त्याच शेतात तो मसूर, वाटाणा, हरभरा घालतो. एकाच जागेतून एकच पीक पुन्हापुन्हा घेतले तर जमीन थकते, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. त्याला आपण फेरपालट म्हणतो.

आज आम्ही अशाच एका फेरपालटीविषयी लिहीत आहोत. जमीन मात्र वेगळी आहे : रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्याचे पोट आणि मांड्या.

आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे आम्ही पाच-सहाजण. घरोघरी जातो, शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, चहा घेतो. मधुमेह नाही असे घर आता क्वचितच भेटते. अशाच एका घरातल्या मावशींची ही गोष्ट. त्यांनीच ती लिहायला सांगितली आहे, म्हणून लिहितो.

मावशी अकरा वर्षे सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेत होत्या. वर्षभर त्यांची साखर काही केल्या आटोक्यात येईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. एखाद्या दिवशी साखर तीनशेच्या वर, तर एखाद्या रात्री एकदम इतकी खाली की अंगाला दरदरून घाम. घरात कुजबुज सुरू झाली. नातवाच्या वाढदिवसाचा कुंदा कमी झाला होता, तो कुणी खाल्ला? सूनबाईंनी आमच्यासमोरच म्हटले, "आई लपवून खातात, दुसरं काय!" मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर तोंडाला लावला.

आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या मावशींना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सुई कुठे टोचता ते दाखवा बघू." बेंबीच्या उजव्या बाजूला, उजव्या हाताला सोयीच्या जागी, लिंबाएवढी मऊ गाठ होती. शेजारी तिच्याहून लहान दुसरी. सिस्टरांनी विचारले, "रोज इथेच का?" मावशी म्हणाल्या, "इथं दुखत नाही गं बाई."

सारे मर्म त्या उत्तरात आहे. इन्सुलिन हे शरीराचेच एक हार्मोन आहे आणि चरबी साठवायला लावणे हेही त्याचे काम आहे. तेच ते औषध एकाच जागी उतरत राहिले की तिथली चरबी फुगते आणि गाठ धरते. एकच सुई अनेकदा वापरली तर तिचे टोक बोथट होते आणि भर पडते. अशा गाठीत संवेदना कमी होते, म्हणून टोचलेले कळत नाही. माणसाला ती जागा आवडू लागते आणि तो पुन्हा तिथेच टोचतो. पण त्या गाठीतून औषध रक्तात नीट जात नाही. कधी अडकून राहते, कधी एकदम सुटते. दुखत नाही ती जागा बरी असते असे नाही. कधीकधी ती जागा आजारी असते म्हणूनच दुखत नसते.

शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून प्रभूला पहिला प्रश्न काय विचारला, आठवा. पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. आपल्या घरांतही साखर वाढली की पहिला प्रश्न पापाचाच असतो : काय खाल्लंस? कुणी लपवून खातही असेल. पण आरोप करण्याआधी कुणी पोटावरून हात फिरवून पाहिले आहे का?

आता कामाचे. सिस्टरांनी सांगितले आणि मावशींच्या डॉक्टरांनी मान्य केले, ते असे :

इन्सुलिनसाठी शरीरावर चार ठिकाणे आहेत : पोट, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग आणि दंडाची मागची बाजू. पोटात ते साधारण लवकर भिनते, मांडी आणि कुल्ल्यात सावकाश. म्हणून मनाला येईल तसे ठिकाण बदलू नये. सकाळचे पोटात घेत असाल तर रोज सकाळी पोटातच घ्या, रात्रीचे मांडीत तर रात्री मांडीतच. फेरपालट करायची ती त्या ठिकाणाच्या आत.

पोटावर बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडा आणि उरलेल्या पोटाचे मनात चार भाग करा. एक आठवडा एक भाग, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढचा. महिन्यात चारही भागांची पाळी येते आणि प्रत्येकाला तीन आठवडे विसावा मिळतो. त्या भागातही कालच्या जागेपासून आजची जागा निदान एक बोट दूर हवी. मांडीचे दोन भाग करा, वरचा आणि खालचा. मावशींच्या नातवाने कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात त्या आठवड्याच्या भागाचा आकडा लिहायला सुरुवात केली. रविवारची उपासना चुकत नाही, तशी पाळीही चुकत नाही.

आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून पाहा. कुठे जाड, घट्ट किंवा फुगीर लागले तर ती जागा पूर्ण सोडा. ती निवळायला कित्येक महिने लागू शकतात. दर वेळी नवी सुई घ्या आणि वापरलेली घट्ट झाकणाच्या जाड डब्यात टाका. पेनचे बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा. बाटलीतून घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि 100 युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस पार चुकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गाठ सापडली म्हणून दुसऱ्या दिवशी तोच वाढलेला डोस चांगल्या जागी टोचू नका. चांगल्या जागेतून औषध पूर्ण भिनते आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना गाठ दाखवा, नवा डोस विचारा, आणि पहिले काही दिवस साखर वरचेवर तपासा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मावशींचा डोस डॉक्टरांनी उतरवला. साखर एका दिवसात जागेवर आली नाही, पण दोन महिन्यांत ते भलते चढउतार थांबले. कुंदा कुणी खाल्ला होता, ते अजून कळलेले नाही आणि आता कुणी विचारतही नाही. सूनबाई रोज रात्री कॅलेंडर पाहून म्हणतात, "आई, आज डावीकडे."

11 जानेवारी 1922 रोजी कॅनडात टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. त्याआधी हा आजार जडलेली मुले आईबापांच्या डोळ्यांदेखत खंगून जात. त्या दिवसापासून आजवर कितीजणांची आयुष्ये वाढली! असे दान हाती आले असता ते केवळ सोयीपायी वाया जाऊ नये. देवाने मातीचीही दमणूक ओळखली आणि तिच्यासाठी विसावा नेमून दिला. मग आपल्या हातून जपण्यासाठी दिलेल्या या शरीराला तो कसा विसरेल?

येत्या रविवारी उपासनेनंतर सिस्टर मागच्या खोलीत थांबणार आहेत. ज्यांना आपल्या जागा दाखवून घ्यायच्या असतील त्यांनी संकोच करू नये. घरात कुणी वृद्ध इन्सुलिन घेत असतील तर त्यांना सोबत घेऊन या.

प्रार्थना : हे प्रभू, जिथे आम्हाला काही लागेनासे झाले आहे, ती जागा तू आम्हाला दाखव. आजाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्याजवळ बसण्याची बुद्धी दे. रोज सुई हाती घेणाऱ्या आमच्या भावाबहिणींचा हात धर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.