माळावरची नजर

जत तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक घरांपुढं कुत्रं असायचं, पण कारवानी असलेलं घर लांबूनच ओळखू यायचं. हे कुत्रं उंबऱ्याशी भुंकत बसायचं नाही. ते जरा दूर, एखाद्या उंचवट्यावर, माळाकडं तोंड करून उभं राहायचं. आल्या-गेल्याचं त्याला सोयरसुतक नसे. दूर कुठं गवत हललं की मात्र मान ताठ व्हायची. आमच्या मळ्याशेजारी बसायला येणारे एक धनगर आजोबा आम्हा पोरांना सांगायचे, "पळताना काय, कुनीबी बघतंय. उभं हाय तवा बघ."

लहानपणी मी ते बघत राहिले आणि तेव्हापासून मला हे कुत्रं फार आवडतं. चिंचोळं लांब डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमरेला धनुष्यासारखा बाक. बाकीची कुत्री जग नाकानं वाचत फिरतात, हे मात्र आधी डोळ्यांनी शोधतं. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या पडद्यावर मज्जापेशींचा दाट आडवा पट्टा असतो, त्यामुळं क्षितिजाच्या रेघेवर कुठंही काही हललं तरी त्यांना चटकन कळतं. दुष्काळी, उघड्या, झाडं कमी असलेल्या मुलखात वाढणाऱ्या कुत्र्याला अशीच नजर हवी. आणि धाव तशीच: एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा पोटाखाली गोळा होताना आणि एकदा पुढं-मागं ताणले जाताना.

आम्ही ज्याला कारवानी म्हणतो, तेच पलीकडं कर्नाटकात मुधोळ हाउंड. मध्य आशियातून आलेल्या ताफ्यांबरोबर यांचे पूर्वज इकडं आले असं मानतात. अंगावर, कानांवर, शेपटीला लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणायचं. मुधोळच्या मराठा संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी बेडर लोकांजवळची ही कुत्री हेरून जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजालाही भेट दिली. 2005 साली टपालखात्यानं देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन आणि पैदास केंद्रही आहे.

पुण्यात स्वतःचं घर झाल्यावर मी गावाकडून हरणी आणली. नाव रंगावरून पडलं. तिच्या फासळ्या दिसतात, म्हणून सोसायटीतल्या बायका काळजीनं विचारत, "अहो, पोटाला नीट देता ना हिला?" मी सगळ्यांना थांबून सांगत असे की शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हेच तिचं निरोगीपण आहे. तिच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून डिसेंबरात तिला गोधडी लागते. मान डोक्याहून फार बारीक नाही, त्यामुळं साधा पट्टा सहज निसटतो. रुंद पट्टा शिवून घ्यावा लागला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी भुलीचं औषध जपून निवडलं, कारण ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांच्या यकृतात काही जुनी भुलीची औषधं फार हळू विघटित होतात आणि जनावर तासन्‌तास सावरत नाही. कारवानी पाळणाऱ्यानं हे डॉक्टरांना आपणहून सांगितलंच पाहिजे, मग समोरचे डॉक्टर कितीही अनुभवी असोत.

घरात ती दिवसचा दिवस झोपते. पाय चाटत नाही, शेपूट आपटत नाही. मी लिहीत बसले की येऊन अंगाचा भार माझ्या गुडघ्यावर टाकते आणि दुसरीकडं बघत उभी राहते. तिची माया अशी, न बघता टेकण्याची. तिला शिस्त लागत नाही म्हणणाऱ्यांशी मी भांडते. मालकाच्या हुकमाची वाट बघत बसलं तर ससा निघून जातो. स्वतःच ठरवून सुटणारं कुत्रंच पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं.

पहाटे टेकडीवर जातो तेव्हा साखळी माझ्या मनगटाला गुंडाळलेली असते. मध्येच ती थांबते. मला काहीच दिसत नाही, पण साखळीतून बारीक थरथर हातात येते. कानांची मुळं वर उचललेली, पुढचा एक पाय अधांतरी, कातडीखाली मांडीचा स्नायू क्षणभर उडतो. मी तिच्या नाकाच्या रेषेत बघत राहते. बऱ्याच वेळानं गिरिपुष्पाच्या झुडपांखालून मुंगूस निघून जातं. त्या वेळी साखळी सोडली तर हाक तिच्या कानांपर्यंत पोचणारच नाही, आणि पुढं रस्ता आहे.

उसाच्या फडाच्या कडेला कुत्री उभी करून ससे धरणं आमच्याकडं पूर्वी सर्रास चाले. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली ते योग्यच झालं, सशाच्या बाजूनंही कुणीतरी हवंच. पण हरणीच्या पायांना कायदा कोण सांगणार? म्हणून रविवारी मी तिला नात्यातल्या एकांच्या कुंपण घातलेल्या माळावर नेते आणि मोकळं सोडते. चार-पाच फेऱ्या झाल्या की ती स्वतःच येऊन सावलीत आडवी होते. शर्यतीतला वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंडशी संकर करून पिल्लं कारवानी म्हणून विकली जातात, त्याचा मला राग येतो. आमच्या खडकाळ माळावर, उन्हात, ज्वारीच्या भाकरीवर टिकलेलं रक्त आहे हे. ते चार सेकंदांच्या वेगासाठी पातळ करायचं नाही.

पिल्लू कुठं मिळेल, असं हल्ली खूपजण विचारतात. मी पत्ता लगेच देत नाही. पहाटे पाच वाजता टेकडीवर या म्हणते, साखळी त्यांच्या हातात देते आणि हरणी थांबली की तेवढा वेळ न ओढता, न बोलता उभं राहायला सांगते. जे उभे राहतात, त्यांना नंबर देते.