पाचही ताटे एकदम

रविवारी आमच्या घरी धिरडी होतात. धिरडे तव्यावरून थेट ताटात पडले पाहिजे, हा आमचा हट्ट. आम्ही, आमच्या मातोश्री आणि दोन्ही मुले जेवायला बसायचो. मुलांची आई गॅसपाशी उभी. आमची पोटे भरल्यावर उरल्यासुरल्या पिठाची दोन धिरडी ती एकटीच खायची. वस्तीतल्या सभांत आम्ही स्त्री-पुरुष समतेवर बोलतो, पण बावीस वर्षांच्या संसारात हे आमच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आणून दिले ते मुलीने.

तिने पहिल्या पगारातून छोटा ओव्हन आणला. म्हणाली, "पप्पा, आज आई बसून खाईल. तुम्ही करा."

फिनलंड-स्वीडनमध्ये पॅनकेक ओव्हनमध्ये भाजण्याची रीत आहे. फिनलंडमध्ये त्याला पन्नुकाक्कु म्हणतात. एकेक उलटत बसायचे नाही. सगळे पीठ एकाच वेळी भाजायचे.

एक वाटी मैदा, दोन वाट्या दूध, तीन अंडी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर. आम्ही दूध एकदम ओतले आणि गुठळ्या झाल्या. ते थोडेथोडे घालून घोटावे. ओव्हन 220 अंशांवर तापवावा, त्यात दोन चमचे लोणी घातलेला पसरट डबा गरम करावा आणि मग पीठ ओतावे. साधारण 25 मिनिटे लागतात. मध्येच दार उघडू नये. वाफेने पॅनकेक टम्म फुगतो, बाहेर काढताच खाली बसतो. "बिघडला!" म्हणून मुलगा ओरडला, पण तो असाच बसतो.

तोवर पाक केला. एक वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळला, मंद आचेवर पाच-सहा मिनिटे उकळला, वर सुंठ घातली. पाक पातळ असतानाच उतरवावा, निवल्यावर घट्ट होतो.

पाच तुकडे केले, पाचही ताटे एकदम वाढली. पहिला घास घेतला आणि मुलांची आई सवयीने उठली, गॅस बघायला. गॅस बंद होता. ती परत बसली आणि म्हणाली, "अहो, गरम खाल्लं की चव वेगळीच लागते."

आम्हाला घास गिळवेना.

वाचकहो, ओव्हन सगळ्यांकडे नसतो, तवा मात्र असतोच. त्याच्यापाशी पाळीपाळीने उभे राहता येते. आता एका रविवारी ओव्हन लागतो, दुसऱ्या रविवारी धिरडी होतात. ती आम्ही घालतो. कडा अजून फाटतात, पण मुलांची आई बसून खाते.