फक्त छत्तीस क्लिक्स!

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती फोटो आहेत? माझ्या फोनमध्ये अकरा हजारांच्या वर. त्यातले किती पुन्हा उघडून पाहिले म्हणाल, तर... जाऊ दे!

डिजिटलशी माझं भांडण नाही हं. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. संध्याकाळी सहाला स्टोरी आणि फोटो एडिटरच्या इनबॉक्समध्ये हवे असतात. रोल धुऊन येईपर्यंत कोण थांबणार? तरी बॅगेत बाबांचा जुना यशिका असतोच. 'काय म्युझियम पीस घेऊन फिरतेस!' असं फ्रेंड्स चिडवतात. छंद स्वस्तही नाही. रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग धरलं तर एक क्लिक चहा-वडापावच्या भावात पडतो.

मग कशासाठी हा खटाटोप? विंटेज लुक तर आता फुकटच्या अ‍ॅपमध्येही मिळतो. माझं उत्तर मला गेल्या वर्षी गिरगावात सापडलं. आजीची चाळ रीडेव्हलपमेंटला जाणार होती. शेवटच्या रविवारी फोनवर दोनशेएक फोटो काढले. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मग यशिका बाहेर काढला. शेजारचे काका म्हणाले, "रोलचा कॅमेरा का गं? थांब, शर्ट बदलून येतो!"

इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून काका गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मी उजेड पाहिला, फोकस लावला आणि एकच फोटो काढला. छत्तीस फोटोंत अख्खी चाळ बसवायची होती. जिना घ्यायचा की नळ, तुळस की आजीचा पाट, सगळं आधी ठरवावं लागलं. त्या दोनशे फोटोंसाठी मी काहीच ठरवलं नव्हतं.

आणखी एक गंमत. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चांदीच्या संयुगाचे बारीक कण असतात. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये चांदी होते आणि तीच चित्र बनून राहते. म्हणजे काकांच्या शर्टावरचा त्या सकाळचा उजेड त्या पट्टीला खरोखर शिवून गेलाय. चाळ आज नाही. पट्टी माझ्या कपाटात आहे.

डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं. २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण १९५४ मध्ये ३५ एमएममध्ये आलेला त्यांचा ट्राय-एक्स आजही मिळतो. माझ्या यशिकात त्या दिवशी तोच होता.

तुमच्याही माळ्यावर एखादा जुना कॅमेरा पडला असेल. साफ करून घ्या, एक रोल घाला. छत्तीसमध्ये कोण कोण हवं, ते आधी ठरवा. आणि हो, लॅबमधून निगेटिव्ह आठवणीनं परत मागून घ्या. नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नका!