तालमीआधीचा अर्धा तास



गेल्या रविवारी विहाराच्या सभागृहात आमच्या पथनाट्याची तालीम सुरू व्हायची होती. बारा-चौदा मुलंमुली वर्तुळात उभी राहून एकमेकांकडे टाळी 'फेकत' होती. झिप, झॅप, झॉप. चुकेल त्याने वर्तुळाभोवती एक फेरी पळायची. तेवढ्यात वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आले. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पाच मिनिटं त्यांनी पाहिलं, मग मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, हे पोट्टे चळवळीसाठी आले का खेळाले आले? भीमराव कर्डकांच्या जलशात कोणी झिप-झॅप करत होतं काय?"

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलं दिवसभर कॉलेज, शिकवणी, डिलिव्हरीची कामं करून येतात. आठवड्याला दोन तालमी, प्रत्येकी दोन तासांच्या. त्यातला अर्धा तास मी खेळात घालवते. हा चळवळीचा वेळ आहे, माझ्या घरचा नाही. त्याचा हिशोब मागायचा काकांना अधिकार आहे. तो हिशोब इथे देते.

आधी एक कबुली. या आइसब्रेकर नावाच्या प्रकाराचा मला स्वतःला एकेकाळी भयंकर राग होता. समाजशास्त्रात एमए करत असताना मी एका नाट्यशिबिराला गेले होते. शिबिराचं नाव सांगत नाही, अशी शिबिरं खूप आहेत. पहिल्याच सकाळी खेळ होता: वर्तुळात पुढे यायचं, आपलं पूर्ण नाव, गाव आणि वडील काय करतात ते सांगायचं, आणि एक हावभाव करायचा. माझ्या पाळीला मी फक्त नाव सांगितलं. प्रशिक्षक गोड हसून म्हणाले, "आणि आडनाव?" मी आडनाव सांगितलं. विदर्भात ते ऐकल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही. नंतर जोड्या करायला सांगितल्या तेव्हा मी आणि परभणीचा एक मुलगा असे दोघेच उरलो. त्याचंही आडनाव सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी आम्हाला काही बोललं नाही. बोलावं लागतच नाही, हीच तर या व्यवस्थेची हुशारी आहे. संकोच मोडण्यासाठी घेतलेल्या खेळाने वीस मिनिटांत सगळ्यांची प्रतवारी करून दिली होती.

पुढे सामाजिक कामात आल्यावर दुसरा एक खेळ भेटला, संस्थांच्या प्रशिक्षणांत तो हमखास असतो. सगळ्यांनी एका रेषेवर उभं राहायचं. घरात पुस्तकं होती त्याने एक पाऊल पुढे, पाण्यासाठी रांग लावावी लागली त्याने एक पाऊल मागे. शेवटी कोण किती पुढे आणि कोण किती मागे ते सर्वांनी पाहायचं. पुढे गेलेल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांना विषमता 'जाणवते'. ठीक आहे. पण भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे गेलेल्या पोरीला त्यातून काय मिळालं? तिला तर हे सगळं आधीपासून माहीत होतं. तिच्या आयुष्याचा फळा झाला आणि धडा दुसऱ्यांनी घेतला. हा खेळ मी माझ्या गटात कधीही घेत नाही, आणि इतर कार्यकर्त्यांनीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तरीही मी खेळ का घेते?

एक कारण साधं आहे. पथनाट्य चौकात होतं. माईक नसतो, मागून ऑटो आणि बसचे हॉर्न. दिवसभर खुर्चीत नाहीतर गाडीवर अखडलेलं शरीर आणि बसलेला घसा घेऊन कोणी एकदम ओरडायला लागलं, तर तिसऱ्या प्रयोगाला आवाज जातो. म्हणून ओठांची फुरफुर, 'म'चा हुंकार, खांदे-मान मोकळी करणं. एवढ्यावर काकांचीही हरकत नसावी. व्यायाम त्यांनी समता सैनिक दलात केलेलाच आहे.

दुसरं कारण सांगायला थोडं लांबून यावं लागेल. आज जगभर जे थिएटर गेम्स म्हणून खेळले जातात त्यांचा मोठा भाग व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी रचला. 1963 साली आलेलं त्यांचं इम्प्रोव्हायझेशनवरचं पुस्तक नाटकवाले अजून वापरतात. पण या खेळांचा जन्म नाट्यगृहात झालेला नाही. स्पोलिन 1924 ते 1927 या काळात शिकागोत नेवा बॉइड यांच्याकडे शिकल्या, आणि बॉइड या समूहकार्य शिकवणाऱ्या समाजकार्यकर्त्या होत्या. त्यांचं प्रशिक्षण हल हाउसमध्ये चालायचं. जेन अ‍ॅडम्स यांनी 1889 साली स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत सुरू केलेली ही संस्था. इटली, ग्रीस, पूर्व युरोपातून आलेली, एकमेकांची भाषा न समजणारी माणसं तिथे राहत होती. त्यांच्या मुलांना एकत्र कसं आणायचं, हा प्रश्न होता. भाषणाने ती एकत्र येणार नव्हती, कारण भाषाच वेगळी. खेळाने येत होती.

या हल हाउसशी जॉन ड्युई यांचा जवळचा संबंध होता. ते शिकागोत असताना तिथे जात-येत, संस्थेच्या विश्वस्तांतही होते. हेच ड्युई पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1913 ते 1916 या काळात तिथे शिकणाऱ्या बाबासाहेबांचे शिक्षक झाले. मी ओढूनताणून नातं लावत नाही, बाबासाहेबांनी असे खेळ खेळले असं म्हणण्याचा वेडेपणाही करत नाही. पण 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं आणि न झालेलं भाषण पुन्हा वाचा. समाजातल्या गटांमध्ये अनुभवांची मोकळी देवाणघेवाण असल्याशिवाय लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती उरते, हा त्यातला विचार ड्युईंच्या शाळेतला आहे. आपण तो विचार जयंतीला व्यासपीठावरून सांगतो. पण ही देवाणघेवाण प्रत्यक्षात कुठे होते? व्यासपीठावर तर नक्कीच नाही, तिथे एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

तिसरं नाव ऑगस्तो बोआल यांचं. ब्राझीलचा हा नाटककार 1971 साली लष्करी राजवटीने पकडला, छळला आणि मग देशाबाहेर पडला. शोषितांच्या रंगभूमीची मांडणी त्याची. त्याचं म्हणणं असं की माणूस जे काम करतो ते काम त्याच्या स्नायूंत जाऊन बसतं. कारकुनाचं शरीर वेगळं, हमालाचं वेगळं. म्हणून नाटकाची पहिली पायरी आपल्याच शरीराची ओळख करून घेण्याची, आणि त्यासाठी खेळ. बोआलने हे वर्गाबद्दल म्हटलं. आपल्या देशात स्नायूंत जात बसलेली असते. बोर्द्यूची 'हॅबिटस' ही संकल्पना मी एमएच्या परीक्षेत आठ गुणांसाठी लिहिली होती. ती खरी समजली विहाराच्या फरशीवर.

आमचं पथनाट्य गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांवर आहे. हाताने मैला उचलण्यावर 1993 साली बंदी आली, 2013 साली नवा कायदा आला, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, तरी माणसं उतरतातच. नाटकातला मुख्य प्रसंग असा की मॅनहोलमधून काढलेला देह चौघांनी उचलून चौकाच्या मध्यभागी आणायचा. देहाची भूमिका सफाई कामगारांच्या वसाहतीतून येणारा वाल्मिकी समाजाचा एक मुलगा करतो. त्याचे वडील झाडूकाम करतात. उचलणारे चौघे आपलेच. तिघे आमच्या वस्तीतले बौद्ध, चौथा तेली समाजाचा.

पहिल्या तालमीत त्यांनी त्याला उचललं ते बोटांच्या टोकांनी. दोघांनी शर्टाची बाही धरली, दोघांनी पँटच्या मोऱ्या. मान लोंबकळत होती. मी म्हटलं, "अरे, नीट धरा, पडेल तो." ते म्हणाले, "हो ताई," आणि पुन्हा तसंच धरलं. अजून सराव नाही म्हणून सोडून दिलं. चौथ्या तालमीतही तेच झालं. त्याच चौघांनी दुसऱ्या एका प्रसंगात आपल्यातल्या मित्राला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तेव्हा मात्र हात बरोबर मांडीखाली गेले होते.

आता कोणी म्हणेल, आपल्यात जात कुठे? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता हा शब्द काही फक्त इतरांसाठी वापरलेला नाही. उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली आमची ही मुलं, भाषणात कोणालाही हार जाणार नाहीत. पण बोटांना कोणी प्रतिज्ञा दिली नव्हती.

मी इथे एक चूकही केली. बोआलचा एक प्रसिद्ध खेळ आहे. एकाने दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर तळहात धरायचा, तो हात नेईल तसं दुसऱ्याने चेहरा नेत जायचं. मी जोड्या लावल्या. आमच्या वस्तीतल्या मुलाने तळहात खाली नेत नेत त्याला पार फरशीपर्यंत वाकवलं. मनात काही नसेल त्याच्या, गंमत म्हणून केलं. बाकीचे हसले. तो उठून उभा राहिला. "मी नाही वाकत ताई. घरचे दिवसभर वाकूनच राहते." आणि चप्पल घालून निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खेळ पुस्तकातून उचलला आणि कोणाच्या कमरेला काय आठवत असेल याचा विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. आईने चहा दिला. तो म्हणाला, "येईन, पण तो खेळ पुन्हा घ्या. हात माझा राहील. आणि समोर तुम्ही या."

घेतला. आधी नियम बदलला: ज्याला नेलं जातंय तो कधीही "बस" म्हणू शकतो, आणि त्याने म्हटलं की खेळ तिथेच थांबतो. मग सगळ्यांसमोर त्याचा तळहात माझ्या चेहऱ्यापुढे आला. हळूहळू खाली गेला. गुडघे, मग कोपरं, मग माझं नाक फरशीपासून वीतभर अंतरावर. फरशी ओली होती, फिनाइलचा वास येत होता. "बस" म्हणायचा हक्क मला होता. मी म्हटलं नाही. कोणी हसलं नाही. मग त्याने हात तसाच वर आणला आणि मला उभं केलं.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही मुख्यतः वजनाचे खेळ घेतले. पाठीला पाठ लावून खाली बसायचं आणि तसंच उठायचं. डोळे मिटून दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर विहाराला फेरी मारायची. मुलींच्या जोड्या मुलींशीच लावल्या, कारण घरचे विचारतात आणि त्या विचारण्याला मी उडवून लावू शकत नाही. जोडीदार दर वेळी चिठ्ठीने ठरायचा. निवडायची मुभा दिली की माणूस आपल्यासारखाच निवडतो, हे मला परभणीच्या मुलाने शिकवून ठेवलं होतं.

सातव्या तालमीत चौघांपैकी एकाचा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला. मी काही सांगितलं नव्हतं. मग बाकीच्यांनी पकड बदलली. देह सरळ उचलला गेला, आणि बघणाऱ्या मुली एकदम गप्प झाल्या. पहिल्यांदाच तो प्रसंग नाटक वाटला नाही.

खेळाने जात गेली, असं मी म्हणत नाही. त्याच महिन्यात त्या मुलाच्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. त्याने सगळ्या गटाला जेवायला बोलावलं. मान धरणारा आला, जेवला. दुसऱ्या दोघांना नेमकं त्याच दिवशी काम निघालं. तेही मी टिपून ठेवलंय.

काकांच्या जलशाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहिलं. जलसेकार एकत्र गावोगाव फिरत, एकत्र जेवत, एकाच ठिकाणी अंग टाकत. त्यांना एकमेकांच्या शरीराची ओळख करून द्यायला वेगळा अर्धा तास लागत नव्हता. आमची मुलं वेगवेगळ्या वस्त्यांतून येतात, आठवड्यात चार तास भेटतात आणि उरलेला वेळ फोनवर एकमेकांना जय भीम पाठवतात.

काल पुन्हा काका आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "चौदा एप्रिल जवळ आला, बाई." मी त्यांना वर्तुळात जागा करून दिली. ते आले नाहीत, खुर्ची घेऊन दाराशी बसले. वॉर्मअप हल्ली तोच मुलगा घेतो. त्याने साडेसहापर्यंत घेतला.