मामांची डिस्क आणि आजीची गाणी

मागच्या शनिवारी शहाद्याला मामांकडे होतो. त्यांचं छोटं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरवर मीच कधीतरी लिनक्स टाकून दिलंय. (त्यामुळे काहीही बिघडलं की दोष माझाच.) चहा संपायच्या आत मामांनी विषय काढला, "डिस्क भरली म्हणतंय रे. आते काय करानं?"

उपाय त्यांनी शोधूनही ठेवला होता. 'जुनी रेकॉर्डिंग' नावाचं फोल्डर उडवायचं. सहाशे फाईली, म्हणजे जागा तीच खात असणार! त्यात आजीची अहिराणीतली जात्यावरची गाणी आहेत. कॅसेटवरून उतरवलेली. कॅसेटी आता नाहीत आणि आजीही नाही.

म्हटलं, मामा, दोन मिनिटं थांबा. टर्मिनल उघडून आधी 'डीएफ -एच' मारलं. 250 जीबीची डिस्क, 100 टक्के भरलेली. मग मामांच्या होम फोल्डरमध्ये जाऊन 'डीयू -एसएच *'. एकेका फोल्डरचं वजन समोर आलं. आजीची सहाशे गाणी मिळून फक्त 1.7 जीबी! पण सगळ्यांची बेरीजही 70 च्या आसपासच. सिस्टीमचे पंधरा धरले तरी बाकीची जागा कुठे गेली?

इथे मीही पाच मिनिटं डोकं खाजवलं. घोटाळा त्या चांदणीत होता. टिंबाने सुरू होणारी लपलेली नावं शेल चांदणीत धरतच नाही, त्यामुळे ती डीयूपर्यंत पोचत नाहीत. म्हणून 'डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=1 | सॉर्ट -एच'. शेवटून दुसरी ओळ (शेवटची एकूण बेरजेची): '.लोकल', 131 जीबी. आत 'शेअर', त्याच्या आत 'ट्रॅश'. दोन वर्षं मामा लग्नांचे व्हिडिओ डिलीट करत होते आणि ते सगळे कचऱ्याच्या डब्यात सुखाने नांदत होते. डबा रिकामा केल्याशिवाय जागा परत मिळत नाही, हे त्यांना सांगायचं मीच विसरलो होतो.

मामांनी डब्यातली नावं एकदा नजरेखालून घातली, गिऱ्हाइकांना सीडी दिल्याची खात्री केली आणि मग डबा रिकामा केला. डीएफ 40 टक्क्यांवर आलं.

जाता जाता एक. याच तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो. माणसामागे साधारण 5 एमबी लागतील असा त्या योजनेच्या इंजिनिअरांचा हिशेब होता. आमची आजी त्या मानाने बरीच मोठी निघाली.

असो. गाणी दोन पेनड्राइव्हवर घेतली. एक मामींच्या कपाटात ठेवला, दुसरा माझ्यासोबत पुण्याला आणला.